आफ्रिकन सिक्लिडच्या टाकीत दुसरं कोण राहू शकतं?

रविवारी माशांच्या कुठल्याही दुकानात तासभर उभे राहा, एक संवाद हमखास कानावर येतो. "हा पिवळा कुठला हो?" "आफ्रिकन सिक्लिड आहे साहेब." "आमच्याकडे दोन एंजल आहेत, थोडे गप्पी आहेत. त्यांच्यात चालेल?" यावर दुकानदार काय म्हणेल ते त्या दिवशी धंदा कसा झालाय त्यावर अवलंबून. "लहान आहे तोवर चालेल" हे सगळ्यात खपणारं उत्तर, आणि गंमत म्हणजे ते खोटं नाही. दीड इंचाचं पिल्लू काही महिने कुणाच्या अध्यात ना मध्यात असतं. मग एक दिवस सकाळी गप्पींची संख्या कमी भरते, एंजलच्या लांब परांच्या चिंध्या झालेल्या दिसतात, आणि पिवळे साहेब फिल्टरसमोरची जागा आपल्या नावावर करून बसलेले असतात.

आपण या सगळ्याचं कारण स्वभावात शोधतो. हा मासा 'फायटर' आहे का, तो शांत आहे का, वगैरे. माझ्या मते स्वभावाचा विचार तिसऱ्या क्रमांकावर यायला हवा. आधी पाणी बघायचं, मग खाणं, आणि मग भांडण. या क्रमानं चाळत गेलं की बरीचशी नावं भांडणापर्यंत पोचायच्या आधीच गळतात. जी थोडी उरतात ती मात्र वर्षानुवर्षं टिकतात.

आफ्रिकन म्हणजे कुठला?

सिक्लिड हे माशांचं एक मोठं कुळ. दुकानात 'आफ्रिकन' या पाटीखाली जे विकलं जातं ते बहुतेक पूर्व आफ्रिकेतल्या तीन मोठ्या तळ्यांतलं असतं: मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया. मलावी तळं सुमारे ५८० किलोमीटर लांब आणि ७०० मीटर खोल आहे. मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांत पसरलेलं. टांगानिका तर जवळजवळ १,४७० मीटर खोल. सैबेरियातल्या बैकलनंतर जगातलं सगळ्यात खोल तळं हेच. व्हिक्टोरियाचा विस्तार प्रचंड, पण खोली जेमतेम ८० मीटर. आपल्याकडच्या टाक्यांत दिसणारे निळे-पिवळे-केशरी मासे बहुतांश मलावीचे. त्यांच्यातही जाती-पोटजातींच्या वर एक ढोबळ वाटणी आहे, आणि ती कळली की निम्मं काम होतं. खडकांना चिकटून राहणारे आणि त्यावरचं शेवाळ खरवडून खाणारे ते 'एम्बुना'. वाळूवर तरंगत खालच्या किड्यांचा माग काढणारे ते 'पीकॉक', म्हणजे ऑलोनोकारा. आणि मोकळ्या पाण्यात फिरून इतर मासे पकडणारे मोठे ते 'हॅप'.

पण आफ्रिका म्हणजे ही तीन तळीच असंही नाही. नायजेरिया आणि कॅमेरूनच्या किनारी नद्यांतला क्रिबेन्सिस हाही आफ्रिकन सिक्लिडच. चार इंचांच्या आतला, पोटावर जांभळट-गुलाबी झाक असलेला, मृदू पाण्यातला मासा. बार्ब, मोठे टेट्रा, रेनबो यांच्यासोबत तीन फुटी टाकीत तो सुखानं राहतो. फक्त जोडीनं मडक्यात अंडी घातली की ते मडकं आणि भोवतालची वीतभर जागा सोडायची. वरच्या संवादातल्या गिऱ्हाइकाला दुकानदारानं क्रिबेन्सिस दाखवला असता तर एंजलच्या चिंध्या झाल्या नसत्या.

आणखी एक आफ्रिकन सिक्लिड तर महाराष्ट्रात ताटात येतो. उजनीच्या पाणलोटाकडे, भिगवणला थांबून मासे खाल्ले असतील, तर चिलापी खाल्ली असेल. चिलापी म्हणजे तिलापिया. मोझांबिक तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला आणि इथल्या तळ्या-धरणांत असा काही पसरला की आता त्याला परका म्हणायला जीभ वळत नाही. व्हिक्टोरिया तळ्यात याच्या उलट बाजूचा प्रकार घडला. १९५०च्या दशकात तिथे नाईल पर्च हा अवाढव्य शिकारी मासा सोडला, आणि १९८०च्या दशकापर्यंत सिक्लिडच्या शेकडो जाती दिसेनाशा झाल्या. नको असलेला मासा 'बिचाऱ्याला मोकळं करू' म्हणून नदीत सोडणाऱ्यांनी ही दोन्ही उदाहरणं लक्षात ठेवावीत. दुकानदाराला परत द्या, कुणा हौशी माणसाला द्या, पण ओढ्या-नदीत नको.

पाण्याचा हिशोब

मलावी आणि टांगानिकात नद्यांनी आलेलं पाणी बाहेर वाहून जाण्यापेक्षा वाफ होऊन जास्त उडतं. पाणी जातं, क्षार मागे राहतात. लाखो वर्षं हे चाललंय. त्यामुळे मलावीचा पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी याचा आकडा, ७ म्हणजे मधलं) साधारण ७.८ ते ८.६ आणि टांगानिकाचा ९च्या आसपास असतो. उलट निऑन टेट्रा, डिस्कस, एंजल हे ॲमेझॉन खोऱ्यातले. तिथलं पाणी पावसाचं, पालापाचोळ्यातून झिरपलेलं, क्षार जवळपास नसलेलं आणि आम्लधर्मी. माशाच्या अंगातले क्षार आणि बाहेरच्या पाण्यातले क्षार यांचा तोल त्याच्या मूत्रपिंडांना आणि श्वसनाच्या कल्ल्यांना चोवीस तास सांभाळावा लागतो. चुकीच्या पाण्यात मासा लगेच मरत नाही. तो तोल सांभाळण्यातच त्याची ताकद संपते, आणि मग साधा पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही त्याला पुरतो.

इथे एक प्रामाणिक दुरुस्ती करायला हवी. आज बाजारात येणारे एंजल पिढ्यानपिढ्या टाक्यांत वाढलेले असतात आणि साडेसातच्या पीएचलाही ठणठणीत राहतात. म्हणून 'पाणी जुळत नाही' एवढ्या एका मुद्द्यावर एंजलला बाद करणं थोडं पुस्तकी होईल. तो बाद होतो खाण्यावर आणि भांडणावर. डिस्कस आणि निऑन मात्र पाण्यावरच गळतात.

आता आपल्या नळाचं बघू. मुंबईला येणारं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा पावसाच्या पाण्यावर भरणाऱ्या तलावांतून येतं. ते मृदू असतं. पुण्यात खडकवासल्याचंही तसंच. दख्खनच्या पठारावर बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. बादलीला पांढरा थर धरत असेल आणि साबणाला फेस येत नसेल, तर सिक्लिडसाठी तुमच्याकडे आयतं पाणी आहे असं समजा. एक अपवाद लक्षात असू द्या: सोसायटीत वॉटर सॉफ्टनर बसवला असेल, तर त्यातून आलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम येतं. टीडीएसचा, म्हणजे विरघळलेले क्षार मोजायचा पेन तरीही मोठा आकडा दाखवतो आणि आपण खूश होतो. तो पेन पाण्यात किती विरघळलंय तेवढंच सांगतो, काय विरघळलंय ते सांगत नाही.

खरं बघायचं ते केएच, म्हणजे पाण्यातलं कार्बोनेट. टाकीतले जिवाणू माशांची घाण पचवताना सतत थोडं आम्ल तयार करतात, आणि हे कार्बोनेट ते आम्ल शोषून घेतं. मृदू पाण्यात ते लवकर संपतं आणि एके दिवशी पीएच धाडकन खाली येतो. उपाय स्वस्त आहे. ५० लिटर पाण्याला चहाचा एक चमचा खाण्याचा सोडा टाकला की केएच साधारण ४ अंशांनी वाढतो. सोडा बदलायच्या पाण्यात आधी विरघळवून, थोडा थोडा करून द्यायचा. सगळा एकदम टाकीत ओतायचा नाही. फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत प्रवाळाचे तुकडे ठेवले तर ते हळूहळू विरघळत आपणहून काम करत राहतात. आपल्याकडे जुन्या लोकांना टाकीत मूठभर खडे मीठ टाकायची सवय असते. त्यानं पाणी खारट होतं, केएच तसूभरही वाढत नाही.

आता ज्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही तो भाग. माशांच्या उत्सर्जनातून पाण्यात अमोनिया येतो. तो दोन रूपांत असतो, एक बराचसा निरुपद्रवी आणि एक जहरी. कुठला किती हे पीएच ठरवतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला अर्धा टक्का जहरी रूपात असतो. पीएच ८ झाला की ५ टक्के. साडेआठला १५ टक्के. म्हणजे तेवढ्याच घाणीचं विष पीएच ७ वरून साडेआठला नेताना पंचवीस-तीस पट वाढतं. जुनी, थोडी दुर्लक्षित, एंजल-गप्पींची टाकी आहे. त्यात चार सिक्लिड आणले. त्यांच्यासाठी म्हणून उत्साहानं सोडा टाकला. आणि संध्याकाळपर्यंत सगळे मासे वर येऊन तोंडं उघडमिट करायला लागले. लोक म्हणतात सोड्यानं मासे मारले. सोड्यानं आधीच टाकीत असलेला अमोनिया जागा केला. म्हणून आधी फिल्टरमध्ये जिवाणू नीट वाढू द्यायचे, हौशी लोकांच्या भाषेत 'टाकी सायकल करायची', टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मग पीएचला हात लावायचा.

एका ताटात दोन जेवणं

एम्बुना खडकावरचं शेवाळ आणि त्यात दडलेले बारीक जीव खरवडून खातात. अशा कमी पोषणाच्या, तंतुमय खाण्यावर गुजराण करायची म्हणून त्यांचं आतडं लांबलचक असतं. त्यांना वाळवलेल्या ट्युबिफेक्स किड्यांच्या चौकोनी वड्या, ब्लडवर्म, मांसाचा खिमा असलं काही रोज दिलं की ते अधाशासारखं खातात आणि पोट बिघडतं. 'मलावी ब्लोट' म्हणतात तो हाच. ताणामुळेही तो बळावतो. पहिली खूण म्हणजे मासा खाणं तोंडात घेतो आणि थुंकतो. दुसरी खूण, विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबणारी. पोट फुगून खवले उभे राहिले की बहुतेक वेळा हातातून गेलेला असतो. पहिल्या खुणेलाच वेगळ्या टाकीत काढून मेट्रोनिडाझोल हे औषध द्यायची पद्धत आहे, आणि लवकर दिलं तर मासे वाचतात.

एंजल, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न यांना मांसाहारी, प्रथिनांनी भरलेलं खाणं लागतं. ते टाकीत पडलं की सगळ्यात आधी पोचणार एम्बुना, कारण वेगात त्यांच्या जवळपास कुणी नाही. मग एंजल उपाशी आणि एम्बुना आजारी. दोघांना दोन कोपऱ्यांत वेगवेगळं खाणं घालून बघणारे लोक मी पाहिलेत. माशांना कोपरे कळत नाहीत. स्पिरुलिना असलेले दाणे, अधूनमधून उकडलेल्या मटाराचा किंवा पालकाचा तुकडा, हे एम्बुनाचं खाणं. जो शेजारी यावर जगू शकतो, किंवा दिवे बंद झाल्यावर तळाशी पडलेल्या गोळ्या शोधून खाऊ शकतो, तोच या टाकीचा उमेदवार.

हॅप मंडळींचं गणित याहून सोपं. तोंडात मावेल ते खाद्य. त्यातला निम्बोक्रोमिस लिव्हिंगस्टोनाय एकदा तरी बघावा असा. हा वीतभर मासा वाळूवर एका कुशीवर आडवा पडतो आणि हलायचं थांबतो. अंगावर पांढरट आणि तपकिरी डागांची नक्षी, दुरून सडायला लागलेल्या मढ्यासारखी. लहान मासे चोच मारून बघायला जवळ येतात. एक येतो, दुसरा येतो, तिसरा अगदी तोंडापाशी. तेवढ्यात मढं मान वळवतं आणि तिसरा नाहीसा होतो. टाकीतही तो हा खेळ करतो. अशा माशाबरोबर दोन इंचांचं काही ठेवलं तर तक्रार करायला जागा उरत नाही.

भांडण नेमकं कशावरून

आता स्वभाव. एम्बुना नराला खडकाची एक कपार आणि तिच्या पुढचं अंगण हवं असतं. तिथे तो माद्यांना बोलावतो आणि बाकी नरांना हाकलतो. तळ्यात हरलेला नर दीड-दोन मीटर पळाला की विषय संपतो. चार फुटी टाकीची लांबीच सव्वा मीटरच्या आत. हरलेला पळतो, समोर काच येते, वळतो, पुन्हा त्याच नराच्या अंगणात. जिंकणाऱ्याला वाटतं हा निगरगट्ट आहे, ऐकत नाही. मग पाठलाग थांबतच नाही. त्यांच्या भांडणात माणसांच्या मारामारीत दिसते तशी जखम क्वचित दिसते. बहुतेक हरलेले मासे थकून, उपाशी राहून, आजारी पडून मरतात.

टाकीत कुणाला त्रास होतोय हे ओळखायला भांडण दिसायची वाट बघू नका. वरच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीमागे, पृष्ठभागापासून दोन बोटं खाली कुणी एकटा स्थिर उभा आहे का बघा. रंग उतरलेला, पाठीवरचा पर अंगाला मिटलेला, शेपटीची कड कुरतडलेली. खाणं टाकल्यावरही तो पुढे येत नाही. असा मासा दोन दिवस दिसला तर त्याला त्याच दिवशी बाहेर काढा म्हणायलाही उशीर झालेला असतो.

या मारामारीला एक नियम आहे आणि तो शेजारी निवडताना फार उपयोगी पडतो. नराचा सगळ्यात मोठा वैरी त्याच्याच जातीचा नर. दुसरा वैरी, त्याच्यासारखा दिसणारा कुणीही. निळ्यावर काळे पट्टे असलेल्या नराला दुसऱ्या जातीचा निळा-काळा मासा स्वतःचा भाऊबंद वाटतो आणि तो मार खातो. पिवळ्या लॅबिडोक्रोमिसबरोबर पिवळाच दुसरा मासा आणणं म्हणजे कटकट विकत घेणं. उलट आकारानं, रंगानं, वावरायच्या थरानं पूर्ण वेगळा मासा त्याच्या हिशोबात बसतच नाही, म्हणून बरेचदा सुटतो.

दुसरी युक्ती ऐकायला उलटी वाटते: मासे थोडे जास्त ठेवायचे. चार फुटी, म्हणजे साधारण २४० लिटरच्या टाकीत सहा एम्बुना ठेवले तर एक जण उरलेल्या पाचांना पिडतो. तिथेच पंधरा-अठरा ठेवले तर एकाच्या मागे लागता येत नाही. भरगच्च लोकलमध्ये कुणी सीटवर पाय पसरून बसत नाही, तसंच. पण गर्दी म्हणजे घाण, आणि घाण म्हणजे वर सांगितलेला अमोनिया. फिल्टर दुप्पट ताकदीचा हवा आणि दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायला हवं. हे जमणार नसेल तर गर्दीचा सल्ला विसरून जा. एका नरामागे तीन-चार माद्या ठेवल्या की एकाच मादीचा पिच्छा पुरवला जात नाही. नवा मासा सोडताना आधी सगळे दगड काढून वेगळ्या रचनेत लावायचे. जुन्यांच्याही हद्दी पुसल्या जातात आणि सगळेच नवखे होतात.

काही जाती या सगळ्या युक्त्यांना पुरून उरतात. मेलॅनोक्रोमिस ऑराटस लहानपणी सोन्यावर काळे पट्टे असलेला, दुकानात सगळ्यात आधी नजरेत भरणारा. मोठा नर काळपट होतो आणि टाकीचा मालक होतो. माद्याही काही कमी नसतात. दुसरा केनयी. याची पिल्लं आणि माद्या निळ्या, मोठा नर पिवळा, म्हणजे चार 'निळे' आणून वर्षभरानं त्यातला एक पिवळा झाला की समजायचं सत्ता कुणाकडे गेली. मिश्र टाकीत या दोघांना मी जागा देणार नाही.

आफ्रिकनांचे आपापसातले संबंधही सरळ नाहीत. पीकॉकला एम्बुना धाकात ठेवतात. त्यांच्यात फार तर पिवळा लॅबिडोक्रोमिस किंवा अकेई असे मवाळ चालतात. टांगानिकाचा फ्रंटोसा फूटभर वाढतो, पण संथ, संकोची. एम्बुनाच्या धावपळीत तो जेवायचाच राहतो. ट्रोफियसचा तर स्वतःच्या जातीच्या वीसेक जणांचा कळप सोडून कुणाशी ठेवायचा विचारच करू नये. शिवाय मलावीचे मासे एकमेकांत सर्रास संकर करतात. 'असॉर्टेड आफ्रिकन' म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या पिल्लांत निम्मी अशीच निपजलेली असतात. घरात ठेवायला हरकत नाही, पण त्यांची पिल्लं पुढे जातीचं नाव लावून विकू नयेत.

मग उरलं कोण?

पहिलं नाव सिनोडॉन्टिस. हा आफ्रिकेतलाच शिंगाडा जातकुळीतला, मिशांचा मासा. त्याच्या काही जाती याच तळ्यांतल्या. पाणी तेच, खाणं तळाशी, वावर बहुतेक रात्रीचा, आणि पाठीवर असा काटा की एकदा तोंड लावणारा पुन्हा लावत नाही. सिक्लिडसाठी तो स्पर्धकच नाही. टांगानिकाचा सिनोडॉन्टिस मल्टिपंक्टेटस तर याच्याही पुढे गेलाय. या तळ्यांतल्या बऱ्याच सिक्लिडमध्ये मादी अंडी घालते आणि लगेच वळून तोंडात उचलते. पुढचे तीनेक आठवडे ती न खाता पिल्लं तोंडात वाढवते. ती अंडी घालत असतानाच हे मिशाळ जोडपं मध्ये घुसतं, काही अंडी गिळतं आणि स्वतःची टाकून जातं. मादी घाईत तीही उचलते. त्याची अंडी आधी फुटतात आणि आत शेजारी असलेली सिक्लिडची पिल्लं खाऊन मोठी होतात. कोकिळेनं कावळ्याच्या घरट्यात करावं ते हा मासा करतो. टांगानिकातले सिक्लिड पिढ्यान्पिढ्या फसून शहाणे झालेत, परकी अंडी ओळखून टाकून देतात. मलावीच्या माद्यांनी हा प्रकार कधी पाहिलेलाच नाही, त्यामुळे घरच्या टाकीत त्या सहज फसतात. पिल्लं हवी असतील तर हा पाहुणा आणू नका. नको असतील तर याच्याइतका मजेशीर शेजारी नाही.

दुसरं नाव ब्रिसलनोज, म्हणजे अँसिस्ट्रस. मूळचा दक्षिण अमेरिकेचा, पण टाकीत वाढलेले मासे जड पाण्यातही छान राहतात. पाच इंचांच्या आसपास थांबतो, अंगावर हाडांचं चिलखत, काचेवरचं शेवाळ खातो. दुकानात 'सकर' म्हणून दोनदोन इंचांचे जे मिळतात ते बहुतेक वेगळे. ते फूटभर होतात, खाण्यापेक्षा घाण जास्त करतात, आणि कंटाळलेल्या मालकांनी सोडल्यामुळे आपल्या तळ्यांतही आता सापडायला लागलेत. विकत घेताना नाव विचारून घ्या.

पीकॉक आणि हॅपच्या पाच-सहा फुटी टाकीत वरच्या थरात काहीतरी हलतं हवं असेल तर रेनबो. बोसमानी रेनबो पश्चिम पापुआतल्या आयामारू तळ्यांचा, तिथलंही पाणी अल्कधर्मी, त्यामुळे पाण्याचा प्रश्न येत नाही. दुसरा पर्याय आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतला जायंट डॅनिओ. वाहत्या पाण्यातला, चिवट, आणि सिक्लिडनं मान वळवेपर्यंत टाकीच्या दुसऱ्या टोकाला पोचलेला. आठ-दहांचा थवा ठेवला तर एक फायदाही होतो: वर बिनधास्त पोहणारा थवा दिसला की खालचे बुजरे पीकॉक बाहेर येतात, कारण वर धोका नाही हे त्यांना त्यावरून कळतं. एम्बुनाबरोबर मात्र हे दोन्ही मी ठेवणार नाही. केरळचा डेनिसनी बार्ब देखणा आहे म्हणून काही जण आणतात. तो गार, वाहत्या पाण्यातला आणि निसर्गात धोक्यात आलेला मासा आहे, त्याला या भानगडीत ओढू नये.

आपल्या खाडीतला कालुंदर हाही सिक्लिडच, हे पुष्कळांना माहीत नसतं. जड पाणी त्याला चालतं. पण तो वीतभराहून मोठा होतो आणि स्वभावानं भला, त्यामुळे एम्बुनापुढे त्याचा निभाव लागत नाही. गोल्डफिश, बेट्टा, गप्पी, डिस्कस यांच्यावर शब्द खर्च करत नाही.

सोडण्याचा क्रमही ठरलेला असावा. शेजारी आधी, सिक्लिड नंतर, आणि सिक्लिडमध्येही सगळ्यात दांडगा शेवटी. सगळे साधारण एकाच आकाराचे, दिवे बंद करून. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पाणी ३१-३२ अंशांवर जातं. या माशांना २४ ते २८ अंश बरं. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो आणि गर्दीच्या टाकीत तो आणखी लवकर संपतो, म्हणून उन्हाळ्यात एअर पंप दिवसरात्र चालू ठेवा, आणि वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवर चालणारा एक घरात असू द्या.

आणि टाकी दोन फुटी असेल तर? मग एम्बुना, पीकॉक, शेजारी, सगळंच विसरा. टांगानिकाचे शंखवासी आणा. निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस हा दोन इंचांहूनही लहान सिक्लिड रिकाम्या शंखात राहतो, वाळू तोंडानं उपसून शंखाभोवती खड्डे करतो, आणि त्याची चार पिढ्यांची वसाहत ५०-६० लिटरमध्ये मावते. त्यात दुसरा कुठलाही मासा नको. तळाला दोन इंच बारीक वाळू घाला, भातखाचरात किंवा तळ्याकाठी मिळणारे गोगलगायींचे रिकामे शंख उकळून, आतलं सगळं निघेपर्यंत धुऊन घ्या, आणि माशांच्या निदान दुप्पट शंख ठेवा.